मोटरसायकलचं नाक

माझ्यासारखा गुप्तहेर शोधून सापडायचा नाही. एक तर मी दिवसभर कुठल्यातरी मोटरसायकलखाली आडवा असतो, त्यामुळं येणाऱ्याला फक्त बूट दिसतात. आणि दुसरं म्हणजे बायको येणाऱ्याला आधीच सांगते, "ते नाहीयेत." बूट हलत असतात, तरी सांगते.

खून, दरोडे, हिऱ्यांचे हार असल्या किरकोळ केसेस मी घेत नाही. खुनात काय असतं? मेलेला माणूस जागचा हलत नाही, सावकाश शोधा. माझा गुन्हेगार वाहता असतो. जुन्या मोटरसायकलीतून तेल गळतं ना, ते कुठून गळतं, का गळतं आणि कुणाच्या फूस लावण्यानं गळतं, हे हुडकून काढणारा मी एकटा. गॅरेजवर तशी पाटीच लावलीय : 'जुन्या गाड्यांची गूढ गळती उकलून मिळेल.' खाली बायकोनं खडूनं लिहिलंय : 'पंक्चरही काढून मिळेल.' लोक खालचंच वाचतात.

शिक्षणाचं म्हणाल तर शाळेला माझा आणि मला शाळेचा कंटाळा एकाच वर्षी आला, त्यामुळं भांडण न होता आम्ही वेगळे झालो. पण नजर बघा! गाडीखाली वर्तमानपत्र अंथरतो आणि पडलेला थेंब वाचतो. बातम्या वाचत नाही, थेंब वाचतो. एकदा नुसत्या डागावरून छातीठोक सांगितलं की ही गाडी चढावरून आलीय, चालवणारा डावखुरा आहे आणि घरी त्याचं पटत नाही. बायको म्हणाली, "तो चहा आहे. माझ्या हातून सांडला." ठीक आहे. पण घरी पटत नाही, हे बरोबर निघालं का नाही?

तर ही केस.

मी असाच गाडीखाली पडलो होतो. बायकोनं "ते नाहीयेत" म्हणून झालं होतं. तरी कुणीतरी माझ्या बुटाला पायानं ढोसलं आणि म्हणालं, "बाहेर ये रे."

असं बोलणारी बाई एकच. मला या जगात पहिल्यांदा पण तिनंच बाहेर काढलं होतं, आणि तेव्हाही बहुतेक हेच शब्द वापरले असणार.

सगळे तिला सिस्टर म्हणतात. आता रिटायर झाली, पण आख्खी उमर बाळंतपणं केली. दवाखान्यात केली, घरोघर जाऊन केली, आणि जायची ती मोटरसायकलवरून. एका सिलिंडरची काळी जड गाडी, किक मारली की आजूबाजूच्या खिडक्या खडखडायच्या. बाई आत कळा देतेय, नवरा बाहेर घाम पुसतोय, आणि लांबून तो धपधप आवाज आला की नवऱ्याचा जीव भांड्यात पडायचा. ती गाडी सिस्टरनं अजून ठेवलीय. भाजी आणायला पण तीच काढते. गाडीचं आणि माझं वय सारखंच असेल. फरक एवढाच की तिला गिऱ्हाईक आहे.

"या सिस्टर, बसा," मी म्हटलं.

"बसायला वेळ नाही. गाडी गळतेय."

"गळणारच. वय झालं तिचं."

"माझं पण झालंय. मी गळते का?"

बायको काउंटरमागं हसली. ती माझी असिस्टंट आहे. तिला विचारलं तर ती मालकीण आहे.

सिस्टरनं सगळं सांगितलं. ती राहते त्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडी उभी असते. खाली तेलाचं तळं होतं. आणि बिल्डिंगचा सेक्रेटरी नवे बूट घालून त्या तळ्यावरून घसरला आणि बसला. नुसता बसला नाही, आवाज करून बसला. तेव्हापासून तो हवा भरलेलं एक गोल रबरी कडं काखेत घेऊन फिरतो आणि कुठंही बसायचं झालं की आधी ते ठेवतो. आता रविवारी कमिटी पार्किंगमध्ये जमणार. गाडी कोरडी दिसली तर ठीक, नाहीतर बाहेर.

"बाहेर म्हणजे कुठं?"

"तेच तर. गल्लीत उभी करायला जागा नाही. आणि एक हॉटेलवाला टपून बसलाय. येऊन बघून गेला. टेप लावून मापं घेतली त्यानं."

"चालवणार आहे?"

"टांगणार आहे. हॉटेलच्या भिंतीला. हात धुवायचं बेसिन असतं ना, त्याच्या वर." सिस्टरचा आवाज एरवी जिन्यातून तिसऱ्या मजल्यावर जातो. आता तो खाली आला. "इंजिन काढून ठेवणार म्हणे, वजन नको म्हणून. अरे, मला टांगलं तरी चालेल. तिला नको. ती मला घेऊन कुठं पोचली नाही असं एकदा झालं नाही रे. आणि तिनं तिथं बसून लोकांचे खरकटे हात बघायचे?"

मी उठून उभा राहिलो. टोपी सरळ केली. "सिस्टर, ही केस मी घेतली."

"केस नको घेऊस, गाडी घे," सिस्टर म्हणाली.

"आधी पॅकिंग बघा," बायको म्हणाली.

"पॅकिंग मेकॅनिक बघतो," मी म्हटलं. "गुप्तहेर कट बघतो."

गाडी गॅरेजमध्ये आली. मी भिंग काढलं आणि तपासणी सुरू केली. परिस्थिती गंभीर होती. वरच्या झाकणाच्या कडेनं तेल, बाजूच्या झाकणाच्या कडेनं तेल, गिअरच्या दांडीजवळून तेल. एखाद्या घरात सगळे एकदम रडायला लागावेत तसं इंजिन चहूकडून पाझरत होतं. मागच्या अंगाला एक रबरी नळी बाहेर निघून खाली लोंबत होती. तिच्या टोकाला पांढऱ्या दोऱ्याची अशी सुबक घट्ट गाठ मारलेली, की मी बघतच राहिलो. म्हटलं, याला म्हणतात जुन्या कंपनीचं काम! साधं नळीचं टोकसुद्धा उघडं सोडलं नाही. त्या गाठीचं भिंगातून पोटभर कौतुक करून मी पुढं सरकलो.

मग बसलो विचार करत. बायको म्हणाली, "झोपलात का?" मी म्हटलं, तर्क चाललाय. ती म्हणाली, "तर्क घोरतोय."

पहिला संशय अर्थातच पॅकिंगवर. म्हणजे बायको म्हणाली म्हणून नव्हे, माझं मीच तिथं पोचलो, फक्त तिच्यानंतर. दोन लोखंडी झाकणांच्या मधे जो कागदाचा पातळ थर असतो, ते पॅकिंग. मी वरच्या झाकणाचं नवीन कापून घातलं. वरून गळायचं थांबलं. मी मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात बाजूच्या झाकणातून दुप्पट यायला लागलं. बाजूचं बदललं. तर गिअरपाशी धार लागली. दाराला कुलूप लावावं तर चोर खिडकीतून, खिडकी लावावी तर कौलातून, अशी गत.

"याचा अर्थ काय?" मी बायकोला विचारलं.

"आतून कोणीतरी ढकलतंय."

"चूक! याचा अर्थ टोळी आहे. एकमेकांना इशारे देतायत."

मग मी टोळीचा एकदम बंदोबस्त करायचा ठरवला. चिकटवायचं सोल्यूशन आणलं आणि इंजिनाच्या एकूण एक सांध्याला थापलं. वरून, खालून, मधून. इंजिन गिलावा केल्यासारखं दिसायला लागलं. गाडी चालू केली. थोडा वेळ शांत. मग गिलाव्याला एक फुगा आला. फुगा वाढला. मी भिंग घेऊन जवळ गेलो. गुप्तहेरानं कधीही फुग्याच्या जवळ जाऊ नये. डाव्या भुवईला लागलेलं सोल्यूशन निघालं, पण भुवई घेऊनच निघालं.

आता मात्र मला खात्री पटली की हे साधं प्रकरण नाही. हे घातपाताचं प्रकरण आहे. गाडी गळल्यामुळं फायदा कुणाचा? सेक्रेटरीचा. पार्किंगची जागा मोकळी होईल, तो स्वतःची गाडी तिथं लावेल. हेतू मिळाला! आता पुरावा. मी गाडी परत पार्किंगमध्ये नेऊन उभी केली आणि खांबामागं दबा धरून बसलो. खांब माझ्यापेक्षा अरुंद होता, पण मी श्वास आत घेतला.

दुपारी सेक्रेटरी आला. काखेत रबरी कडं, हातात एक लहान डबा. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, गाडीच्या मागच्या चाकाशी वाकला आणि डबा ओतायला लागला.

"रंगेहाथ!" मी ओरडून खांबामागून उडी मारली.

सेक्रेटरी दचकून मागं बसला. कडं ठेवायला वेळ मिळाला नाही. फार वाईट ओरडला बिचारा.

मी बोट बुडवून वास घेतला. दूध. चाकामागं एक मांजर आणि तिची पिल्लं. आणि बिल्डिंगमध्ये कुत्री-मांजरं पाळायला बंदी असल्याची नोटीस जिन्यात लावलीय, तिच्यावर सही कुणाची? याचीच.

"मिस्त्री," तो गयावया करत म्हणाला, "कुणाला बोलू नका हो. कमिटीत माझी अब्रू जाईल."

मी असा हसलो, की मला स्वतःलाच माझी भीती वाटली. तिथून तडक वरती सिस्टरकडं गेलो. "केस सुटली! तेल गळू दे, बादलीभर गळू दे. सेक्रेटरी आता तोंड उघडणार नाही. त्याचं मांजर आपल्या हातात आहे."

सिस्टर कपडे वाळत घालत होती. तिनं चिमटा खाली ठेवला. "त्या सेक्रेटरीला पहिल्यांदा रडवलं ते मी. उलटा धरून पाठीवर चापट मारली, तेव्हा श्वास घेतला त्यानं. आता या वयात त्याला मांजराच्या नावानं रडवू?"

"मग गाडी जाईल."

"तू कोरडी कर. नाही झाली तर जाईल. पण सौदा करून ठेवली तर रोज सकाळी मला गाडी दिसायची नाही, सौदा दिसेल. जा, कामाला लाग."

असं बोलून तिनं परत चिमटा उचलला. मी खाली येऊन गाडी ढकलत गॅरेजला आणली. सेक्रेटरीनं मागून ढकलायला हात लावला, हे मी कुणाला सांगितलं नाही.

शनिवार उजाडला. एक गोष्ट मला फार छळत होती. मधे एकदा मी तेल भरायच्या भोकाची टोपी लावायला विसरलो होतो आणि गाडी तशीच चालू ठेवली होती. तेवढा वेळ एक थेंब गळला नाही. टोपी लावली, की परत सुरू. परत उघडली, की बंद. यावरून कुणीही शहाणा माणूस काय निष्कर्ष काढेल? मी पण तोच काढला : टोपी फितूर आहे. मी जुनी टोपी काढून टाकली आणि दुप्पट घट्ट, रबर लावलेली नवी टोपी बसवली. गाडीला किक मारली. तेल मोजायची पट्टी इंजिनातून सुटली, छताला जाऊन आपटली आणि बायकोच्या चहात पडली.

बायको कपाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मी सिस्टरना बोलावते."

"सिस्टर काय करणार? त्या बाळंतपणाच्या."

"तुम्ही पण काही मोटरसायकलचे दिसत नाही."

सिस्टर आली. इंजिन चालू होतं, टोपी उघडी होती, कारण घाबरून मी उपटून फेकलेली नवी टोपी सापडत नव्हती. सिस्टरनं आल्या आल्या त्या भोकावर तळहात धरला. धरला आणि तसाच ठेवला. लहान मुलाच्या छातीवर ठेवतात ना, तसा. डोळे मिटले.

"अरे, ही श्वास घेतेय."

"सिस्टर, ते इंजिन आहे."

"मग हाताला लागतंय ते काय? बाहेर, आत. बाहेर, आत. हात लाव."

मी हात लावला. खरंच वारा येत होता, जात होता. आख्खी उमर मी इंजिनात हात घातले, पण कधी हात ठेवला नव्हता.

"आत पिस्टन असतो ना? वर-खाली करतो?" सिस्टरनं विचारलं.

"हो."

"खाली आला की त्याच्या खालची हवा कुठं जाते?"

"कुठं म्हणजे? दबते. दबली की बाहेर पडायला बघते. त्यासाठी कंपनीनं नळी दिलेली असते, तिच्यातून जाते."

"आणि नळीतून नाही जाता आलं तर?"

"तर मग..." मी थांबलो. "तर मग ती फटीफटीतून निघणार. आणि जाताना तेल घेऊन जाणार."

बायकोनं चहातली पट्टी काढून पुसली.

"कुठंय ती नळी?" सिस्टर म्हणाली.

"मागं आहे. इंजिनाचं नाकच म्हणा. पण तिकडं काही दोष नाही. मी भिंगानं बघितलंय. टोकाला कंपनीची पक्की गाठ आहे."

माझं वाक्य पुरं झालं आणि मी ते परत एकदा मनात ऐकलं. बायकोनं पण ऐकलं असावं, कारण तिनं कपाळावर हात मारला.

"कंपनी नाकाला गाठ मारते?" ती म्हणाली.

सिस्टर मागच्या बाजूला गेली, गुडघ्यावर बसली, चष्मा लावला. नळी हातात धरून गाठ निरखायला लागली. मला वाटलं, गाठीचं कौतुक करतेय. मी म्हणायला गेलो, "बघा किती सफाईदार..."

"ही गाठ माझी आहे," सिस्टर म्हणाली.

मग तिनंच हळूहळू सांगितलं. आधी गाडी एवढी गळतच नव्हती. नुसती त्या नळीच्या टोकातून टिपूसभर तेल टपकायचं, बटणाएवढा डाग पडायचा. पण सेक्रेटरीला तेवढाही डाग खपेना. रोज जिन्यात गाठून बोलायचा. एकदा वैतागून तिनं खाली वाकून बघितलं, तर लोंबणारी ओली नळी. खिशात दवाखान्यातला दोरा होता.

"मी आयुष्यभर लोंबत्या नळीला एकच उपाय केलाय," सिस्टर म्हणाली. "बांधायची. दोन वेढे, पक्की गाठ. मी कुठं विचार केला? हात आपोआप चालले. नाळ बांधतात तशी बांधून टाकली आणि भाजी आणायला गेले."

"आणि दुसऱ्या दिवसापासून..."

"दुसऱ्या दिवसापासून चहूकडून."

म्हणजे बटणाएवढा डाग नको म्हणून सेक्रेटरी बोलला, म्हणून सिस्टरनं नाक बांधलं, म्हणून इंजिन घुसमटलं, म्हणून तळं झालं, म्हणून सेक्रेटरी घसरला. आणि मी मधल्या मधे इंजिनाला जो जो श्वास घ्यायला फट दिसेल ती ती लिंपत होतो! वर टोपी घट्ट केली! त्या गाडीनं पट्टी माझ्या डोक्यात मारली नाही, छतावर मारली, ही तिची माणुसकी.

"गुन्हेगार सापडला," मी पडेल आवाजात म्हटलं.

"तुम्हाला नाही सापडला," बायको म्हणाली.

सिस्टर मात्र हसली नाही. टाकीवर हात ठेवून बसली होती. "मुलं जन्मली की पहिलं नाक मोकळं करायचं, हे मी शिकाऊ नर्स पोरींना शिकवत आले. आणि हिचं नाक मीच बांधलं बघ. जायची वेळ आणली तिच्यावर." मग एकदम उठली. "कात्री दे. नाही, तू नको. मी कापते."

तिनं गाठ कापली. फुस्स झालं, आणि मग नळीतून वारा यायला लागला. फस, फस, फस. मी सगळी झाकणं पुसली, पट्टी आणि जुनी टोपी लावली, गाडी चालू ठेवली. वर कोरडं. बाजूला कोरडं. गिअरपाशी कोरडं. बायकोनं बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. एवढं स्वच्छ बोट माझ्या गॅरेजमध्ये मी कधी बघितलं नव्हतं.

पण नळीच्या टोकाला, बारीकसा, तेलाचा थेंब जमला. हललं टोक, पडला खाली. बटणाएवढा डाग.

"झालं," सिस्टर म्हणाली. "उद्या तो याच्यावर बोट ठेवणार."

इथं मात्र सांगतो, मी माझी अक्कल वापरली. थोडी होती शिल्लक. "सिस्टर, नुसतं उघडं ठेवून भागत नाही. पिस्टन वर गेला की हीच हवा परत आत शिरते, आणि खाली आला की परत तिलाच ढकलत बसतो. हवा बाहेर जाऊ द्यायची, पण परत येऊ द्यायची नाही. मग आतल्या आत ओढ राहते. फटीतलं तेल बाहेर यायच्या ऐवजी आत ओढलं जातं. त्यासाठी नळीत एकतर्फी पडदा लागतो, आणि पुढं तेल साठवायला काहीतरी. पडदा मिळतो बाजारात, पण आता कुठलं दुकान..."

"एका बाजूनं जातं, परत येत नाही, आणि पुढं साठतं," सिस्टर म्हणाली. "आहे माझ्याकडं. लघवीची पिशवी."

"काय?"

"पेशंटला लावतात ती. तोंडाशी पडदा असतो तिच्या. गेलेलं परत आलं तर पेशंटची वाट लागेल ना. कोरी आहे रे, पाकीट पण फोडलं नाही. तोंड वाकडं करू नकोस."

रविवारी सकाळी आम्ही पार्किंगमध्ये लवकर पोचलो. नळी पिशवीला जोडली, पिशवी सीटखाली टांगली. गाडी आजारी माणसासारखी दिसत होती, पण आवाज तरण्या पोराचा. मी खाली वाकून पडद्याचं काम बघायला लागलो. पिशवी फुगली. छान फुगली. उशीएवढी फुगली. बायको म्हणाली, "अहो, लांब व्हा." मी म्हटलं, "निरीक्षण चाललंय."

फाट्‌कन आवाज झाला, आणि इंजिनानं इतक्या दिवसांचं जे काही पोटात ठेवलं होतं, ते सगळं माझ्या अंगावर काढलं.

"नाक बांधू नये म्हटलं, तर तू पिशवीचं बांधलंस," सिस्टर म्हणाली. "हवेला पुढं वाट नको?" तिनं दुसरी पिशवी काढली, वरच्या कोपऱ्याला सुईनं भोकं पाडली. तेल खाली बसणार, हवा वरून जाणार. साधं. फरशी पुसली. मला पुसायला वेळ राहिला नाही, कारण कमिटी जिन्यातून उतरत होती.

पुढं सेक्रेटरी, काखेत कडं. मागं दोन-तीन मंडळी. आणि सगळ्यात मागं तो हॉटेलवाला, खिशातून टेप डोकावतोय.

सिस्टरनं गाडीखाली कोरं पांढरं कापड अंथरलं. किक मारली. धपधपधप. खिडक्या खडखडल्या. एका मजल्यावर कुणीतरी पडदा बाजूला केला. सगळे कापडाकडं बघत उभे. इंजिन तापलं. सिस्टरनं बंद केलं. तेल गळायचं असतं ते गरम झाल्यावर, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. सिस्टर दोन्ही हात पाठीमागं धरून उभी होती. मला तिची बोटं दिसत होती. एकमेकांना घट्ट धरली होती.

सेक्रेटरीनं कडं जमिनीवर ठेवलं, त्याच्यावर गुडघे टेकले, मान खाली घातली. झाकणांवरून बोट फिरवलं. मी पण त्याच्या बाजूनं गाडीवर वाकलो. पिशवीकडं बघितलं.

"हे काय आहे, सिस्टर?"

"तिचं वय झालंय ना. त्याची सोय."

त्याला ते पटलं. हॉटेलवाल्यानं टेप खिशात आत ढकलली. सिस्टरचे हात पाठीमागं सैल झाले.

आणि तेवढ्यात, टप.

पांढऱ्या कापडावर मधोमध एक काळा थेंब.

सिस्टर गाडीकडं बघत होती, जसं माणूस स्टेशनवर हलायला लागलेल्या गाडीकडं बघतं. हॉटेलवाल्याची टेप परत वर आली. माझा तर विश्वासच बसेना. मी पुढं झालो, सेक्रेटरीच्या डोक्यावरून आणखी वाकलो, भिंग काढलं. "अशक्य!" मी म्हटलं. "एकूण एक सांधा तपासलाय! गळायला जागाच नाही!"

टप. दुसरा थेंब सेक्रेटरीच्या मानेवर पडला.

सेक्रेटरीनं मानेला हात लावला. बोट बघितलं. मग सावकाश वर बघितलं. वर मी होतो.

माझ्या कोपरावर तिसरा थेंब तयार होत होता.

सेक्रेटरी उठला, कडं काखेत घेतलं, कमिटीकडं एकदा बघितलं. "गाडी राहू दे जागेवर," तो म्हणाला. "आणि यांना बाहेर काढा."

एकमतानं मंजूर झालं. हात वर करणाऱ्यांत माझी बायको पण होती, ती कमिटीत नसताना.

सिस्टरनं गाडी स्टँडवरून काढली, बायकोला म्हणाली, "बस मागं, तुला घरी सोडते." मी पण सीटकडं निघालो, तर दोघींनी एकदम हात आडवा केला. "तू नको," सिस्टर म्हणाली, "आत्ताच पुसलीय." मग जाता जाता मागं वळून, गाडीच्या आवाजावरून ओरडून म्हणाली, "काम चांगलं केलंस रे!" एवढा मोठा आवाज, की तिसऱ्या मजल्यावर पण गेला असेल. कमिटीनं ऐकलं, हॉटेलवाल्यानं ऐकलं. बरं वाटलं.

गाडी धपधप करत कोपऱ्यावरून वळली. मी चालत निघालो. मागं वळून बघितलं तर आख्ख्या रस्त्यावर माझ्या मागोमाग थेंबांची एक रांग येत होती. मी थांबलो. बाह्या बघितल्या, खिसे बघितले, टोपी काढून बघितली, भिंग लावून पायाच्या घोट्यापर्यंत स्वतःला तपासलं. सगळीकडं नीट बघितलं. कुठून गळतोय, ते काही सापडलं नाही.